अक्कांच्या गोष्टीला हुंकार

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. करमाडहून वैशालीचा, म्हणजे अक्कांच्या सुनेचा. "मामी, आई गेल्या... चहा घेऊन गेले तर उठंनातच." एवढं बोलून ती रडायला लागली आणि इकडे मी हातातली काडी मोडत राहिले. माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा काय वाटावं हे आपल्या हातात नसतं. मला पहिल्यांदा हलकं वाटलं. दुःख झालं, रडू आलं, सगळं रीतसर आलं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, सुटल्यासारखं वाटलं, की ती गोष्ट जाणणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आणि लगेच माझी मलाच इतकी लाज वाटली की वैशाली अजून बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. अक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. ह्यांना हाक मारून मी फक्त बातमी सांगितली. बाकीचं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहिते आहे.

अक्का करमाडला दिल्या होत्या. शेतीवाडीचं घर, माणसांचा राबता, आणि अक्कांचा आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा गडी पाणी बंद करायचा. शाळा चौथीपर्यंतच, पण गोष्ट सांगायला बसल्या की आमच्या घरातले पदवीधर चहा गार करून ऐकत. त्यांच्या गोष्टी कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. एक शेळी होती, ढवळी नावाची, तिला करमाडहून रेल्वेनं लासूरच्या बाजाराला जायचं असे, तेही खिडकीजवळ बसून. तिकीट काढलेलं नसे. मग तिकीट तपासनीस येई, आणि ढवळी त्याला अशा काही थापा मारी की चिकलठाण्यापासून दौलताबादपर्यंत तो बिचारा हिशेब लावत बसे. दर वेळी थापा नव्या. अक्कांची एकच अट असे, ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्याला ‘हं’ आलं पाहिजे. एक जरी ‘हं’ चुकलं तर अक्का तिथंच थांबायच्या आणि म्हणायच्या, "भिताडाला सांगू का मंग?" आमच्याकडे बहुतेक घरांत ही रीत असते, पण अक्कांइतकी कडक मी कुठं पाहिली नाही. हुंकारा हा त्यांचा मान होता आणि तो त्या वसूल करून घेत.

माझी मुलगी ऋतुजा तिसरीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. नातेवाइकांना आम्ही ‘रक्त कमी झालंय’ एवढंच सांगितलं होतं. इथं औरंगाबादच्याच दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात ती कितीतरी महिने राहिली. शेजारच्या खाटेवर पडेगावच्या रेहानाचा मुलगा होता, ऋतुजापेक्षा थोडा मोठा. त्या आजारात काय काय होतं ते सगळं सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. मला सगळ्यात जड गेली ती झोप. औषधांनी पोरीची झोप उडाली होती. दिवसभर डोळे तारवटलेले, चिडचिड, घास पुढे केला की तोंड फिरवायची. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्या म्हणाल्या, "हिला रात्री नीट झोप लागली पाहिजे. झोप झाली तर ही पुढचं सगळं जास्त चांगलं सोसेल." ते ऐकल्यावर झोप हीच आमची लढाई झाली. डोक्याला तेल लावता येत नव्हतं, केसच राहिले नव्हते. पाय चेपून पाहिले, अंगाई म्हणून पाहिली, तिनं मोठ्या माणसासारखं सांगितलं, "आई, मी काय बाळ आहे का?"

तेव्हा अक्का आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. संध्याकाळच्या बसनं करमाडहून निघायच्या, डब्यात ज्वारीची मऊ भाकरी आणि पातळ वरण, आणि ऋतूचं जेवण झालं की खाटेला टेकून बसायच्या. "बघ आता, ढवळी निंगाली..." ऋतूच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. रेहानाचा मुलगाही मान वळवून ऐकायला लागला. वॉर्डातले मोठे दिवे मालवले तरी अक्कांची गाडी चालूच, आवाज तेवढा खाली आणलेला. अक्का सांगायच्या, ऋतू ‘हं’ म्हणायची. मला वाटलं, आता पोर झोपेल. पण ती झोपेना. गोष्ट लांबत जायची, ऋतूचं ‘हं’ बारीक बारीक होत जायचं, आणि अगदी विझायला आलं की अक्का आपल्या सवयीनं थांबायच्या. थांबल्या की पोर दचकून म्हणायची, "हं... हं, मग?" अक्का खुशीत यायच्या. बाहेर व्हरांड्यात मला सांगायच्या, "लई हुशार हाय पोरगी. एक हुंकारा चुकवत नाय."

आणि अक्का झोपायला बाहेर व्हरांड्यात गेल्या की माझी पाळी सुरू व्हायची. मी खाटेखाली सतरंजीवर असायची. वर हालचाल थांबली, श्वासाचा आवाज कमी झाला, की मी कान लावायची. त्या वॉर्डात आधीच्या आठवड्यात एक खाट अशीच शांत झाली होती. मी उठून बसायची आणि विचारायची, "ऋतू, ऐकतीस ना?" काय ऐकायचं होतं तिनं? गोष्ट तर संपलेली. पण तिचं ‘हं’ आलं की मला पुन्हा आडवं होता यायचं. थोड्या वेळानं परत, "ऋतू?" "हं." मी तिला जपते आहे असंच मला वाटत होतं, अगदी मनापासून. सकाळी डॉक्टरबाई विचारायच्या, झोप झाली का, आणि मी सांगायची, नाही हो, रात्रभर जागीच होती, दर वेळी उत्तर देत होती.

एक दिवस दुपारी नळावर डबे घासताना रेहाना माझ्याजवळ आली. डबा विसळता विसळता म्हणाली, "भाभी, एक बात बोलूँ? बुरा नको मानो." मी म्हटलं, बोल ना. "तुमारी बच्ची कू नींद आती. मैं देखती ना बाजू से. आँखां बंद होते उसके. फिर वो खुद कू चिमटा लेती." मला कळेना. चिमटा कशासाठी? रेहाना डब्याकडे बघत म्हणाली, "मैं पूछी उसकू. बोली, हं नै बोले तो आत्या कू बुरा लगता... और आई डर जाती." नळ वाहत होता. मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून वळले तर अक्का होत्या. त्या दिवशी नेमक्या दुपारच्या गाडीनं आल्या होत्या, हातात डबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू शकलो नाही. मी खाटेजवळ गेले, ऋतूची बाही वर केली. दंडावर, सलाईनच्या हाताच्या नव्हे, दुसऱ्या, बारीक बारीक काळेनिळे डाग होते. ते आजाराचे आहेत असं समजून मी रोज त्यांच्यावरून हात फिरवत होते.

लाज हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. पाहुण्यांसमोर साडीला ठिगळ दिसलं तरी लाज. त्या दिवसापासून मी तो शब्द जपून वापरते. आठ वर्षांची पोर, अंगात विष घेऊन पडलेली, आणि ती जागी राहत होती आमच्यासाठी. एकीचा मान राहावा म्हणून आणि एकीची भीती जावी म्हणून.

डॉक्टरबाईंना मी सांगितलं, अर्धंमुर्धंच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गोष्ट बंद करू नका, तिला आवडते ती. पण मोबाइलमध्ये भरून ठेवा आणि झोपताना हळू लावा. मोबाइलला काही उत्तर द्यावं लागत नाही. आणि गोष्ट संथ असू दे. हसवणारी नको, दचकवणारी नको." दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात बसले आणि आम्ही दोघी हडको कॉलनीतल्या आमच्या घरी आलो. स्वयंपाकघराचं दार लावलं, पंखा बंद केला, मोबाइल डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. अक्का पाटावर बसल्या. "एक शेळी होती," म्हणाल्या आणि थांबल्या. मोबाइलकडे बघत राहिल्या. पुन्हा, "एक शेळी होती..." पुन्हा थांबल्या. घाम फुटला त्यांना. म्हणाल्या, "सुमन, हे हं म्हणत नाय. मला पुढचं येईना." ज्या बाईनं लग्नाच्या मांडवात दोन-दोनशे माणसं बसवून ठेवली, तिला ओट्यासमोर वाक्य सुचेना. शेवटी मी समोर बसले आणि म्हणाले, सांगा, मी देते हुंकारा.

अशी ती गोष्ट भरली गेली. अक्कांनी तिच्यातलं एक एक काढून टाकलं. शेळीचं ओरडणं काढलं. भांडणं काढली. तिकीट तपासनीसापाशी आल्या तेव्हा मला विचारलं, "हा बी नगं का?" मी म्हटलं, तो आला की पोरं खदखदून हसतात अक्का, झोप उडेल. "मंग गोष्टीत काय ऱ्हाईलं?" असं म्हणाल्या, पण काढला त्यांनी तपासनीस. नुसती शेळी राहिली खिडकीजवळ बसलेली, आणि बाहेरून जाणारी ज्वारीची रानं, विहिरी, चिकलठाणं, औरंगाबाद, दौलताबाद, पोटूळ... प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबते, कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही, गाडी निघते. अक्का हळू हळू सांगत होत्या आणि मी ‘हं’ म्हणत होते. उशीर झाला की डोळे वटारायच्या. आपली कला आपल्याच हातानं अळणी करणं काय असतं ते मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिलं, पण पाहिलंय हे माझ्या लक्षात यायला पुढं बरीच वर्षं गेली.

त्या रात्री मोबाइल दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर ठेवला. गोष्ट सुरू झाली. पहिलं वाक्य झालं, ऋतूनं सवयीनं तोंड उघडलं, आणि तिच्या आधीच मोबाइलमधून माझं ‘हं’ आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता ते काम माझं. तू नुसती पडून राहा." ती हसली. शेळी चिकलठाण्याला पोचायच्या आत पोर झोपली होती... रेहानाचा मुलगासुद्धा. आणि मी? मी उठले, तिच्या नाकाशी हात नेला, हात मध्येच धरला आणि परत घेतला. मग पुन्हा नेला. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आत आल्या, माझ्या सतरंजीवर आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "व्हरांड्यात जाऊन नीज. मी हाय." पुढे असंच चालू राहिलं. ऋतू झोपायला लागली, खायला लागली. रेहानानं तिच्या मोबाइलमध्ये गोष्ट घेतली, तिच्याकडून आणखी दोघी-तिघींनी घेतली. ऋतू बरी झाली. आज ती पुण्याला नोकरी करते, उशिरापर्यंत झोपते आणि मी तिला उठवत नाही.

आता जे जाणणारं कुणी उरलं नाही असं मी वर म्हटलं, ते सांगते. ऋतूला त्या रात्रींतलं गोष्टीशिवाय काही आठवत नाही, आणि रेहानाची पुढं कधी गाठ पडली नाही. घरी आल्यावर ही हकिकत नातेवाइकांत फिरली, आणि फिरता फिरता तिच्यातून मी गळाले. राहिला फक्त अक्कांचा हुंकारा. अक्कांनी मानासाठी आजारी लेकराला जागं ठेवलं, अशी ती गोष्ट झाली. आमचे हेच एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "अक्काला कळायला पाहिजे होतं." अक्का समोर बसल्या होत्या. मी चहा गाळत होते. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, की अहो, अक्का तासाभरानं उठून जायच्या, उरलेली रात्र तिला मीच जागवत होते. मी गाळणं आपटून साफ केलं आणि कप भरले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना सगळं माहीत होतं. माझं "ऐकतीस ना" व्हरांड्यात त्यांना रोज ऐकू येत असणार. त्यांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर अक्कांनी गोष्ट सांगितली नाही. ऋतूनं मागितली तरी नाही. "इसरले ग माय," म्हणायच्या. लोकांना वाटलं, वय झालं. एकदा करमाडला त्यांच्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडत आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी धीर करून विषय काढला. म्हटलं, अक्का, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता... त्या म्हणाल्या, "चिमटे काढत व्हतं ग लेकरू. ज्या तोंडानं तिला जागं ठिवलं त्या तोंडानं आता गोष्ट नगं." मी म्हणू शकले असते, अर्धे चिमटे माझे होते. अर्ध्याहून जास्तच. नुसतं एवढं वाक्य. पण अक्कांनी सगळंच आपल्या अंगावर घेतलं होतं आणि त्यात माझी सोय होती. माझे हात तिखटानं भगभगायला लागले होते, मी धुवायला उठले. शेवटच्या भेटीत, दिवाळीनंतर, त्या ओसरीवर पडून होत्या, नातवंडं टीव्हीपुढे होती. "ऋतू नीट झोपती ना ग?" एवढंच त्यांनी विचारलं. दर भेटीत विचारायच्या. मी दर वेळी सांगायची, व्हय अक्का, लई झोपती.

तेराव्याला करमाडला बायका जमल्या होत्या. अक्कांना नावानं हाक मारणारी कुणीतरी जुनी बाई म्हणाली, शकूच्या गोष्टी म्हणजे काय सांगावं. वैशालीनं पोळपाटावरून मान वर केली. "आईंना गोष्टी येत व्हत्या?" तिनं विचारलं. थट्टेनं नव्हे, खरंच विचारलं. तिचं लग्न ह्या सगळ्यानंतरचं, तरी त्या घरात इतकी वर्षं झालेली. "आमच्या पोरांना एक सांगितली नाय कधी. म्हणलं, येत नसतील." मला वाटलं होतं, अक्का गेल्या, आता सुटका झाली. तिथं त्या चुलीपाशी कळलं की सुटका नसते. मी वैशालीला सगळं सांगितलं, बायकांसमोर, नळावरच्या रेहानापासून मिरच्यांच्या देठांपर्यंत. वैशाली पोळी लाटायची थांबली होती. म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्या परत सांगायला लागल्या असत्या. मंग आमच्या पोरांचं काय, मामी?" पोळी तव्यावर टाकायची राहिली होती, ती मी उचलून टाकली.

ऋतूनं ती गोष्ट कुठल्या कुठल्या मोबाइलमधून वाचवून ठेवलेली होती. तिनं मला पाठवली आणि मागच्या रविवारी मी ती घेऊन करमाडला गेले. अक्कांच्या खोलीत, त्यांच्याच खाटेवर मी बसले. खुंटीला त्यांची पिशवी तशीच आहे, वैशालीनं अजून काढलेली नाही. दोन्ही नातवंडांना जवळ घेतलं, ओंकार आणि धाकटी गौरी. वैशाली दारात उभी. मोबाइल लावला. अक्कांचा आवाज आला, अगदी जवळून, श्वासासकट, आणि गौरीनं चटकन दाराकडे पाहिलं. मग दोघं ऐकायला लागली. शेळी खिडकीजवळ बसली, रानं गेली, विहिरी गेल्या. ओंकार चुळबुळ करायला लागला. म्हणाला, "मामीआजी, ह्या गोष्टीत काईच होत नाय." मी त्याला सांगू लागले, अरे, हिच्यात एक तिकीट तपासनीस असायचा, फार गमतीचा, शेळी त्याला थापा मारायची... कसल्या थापा, त्यानं विचारलं. मला एकही नीट सांगता आली नाही. अक्कांचा मोबाइलमधला आवाज चिकलठाण्याला येऊन थांबला. गौरीनं आपलं आपणच, कुणी न शिकवता, बारीक आवाजात "हं" म्हटलं, आणि त्याच वेळी मोबाइलमधून माझंही ‘हं’ आलं, तिच्यापेक्षा मोठं. ती गोंधळली.

"कोण हं म्हणतंय?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"तुमचं बंद करा ना. आजी माझ्यासाठी थांबलीय."

मोबाइल तिच्या हातात होता. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला तिला सांगावं लागलं की ते आता काढता येत नाही.